बंद खोलीतली हवा: ऐंशी वर्षं बाजूला राहिलेला पुरावा

२८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितलं की कोरोना हवेतून पसरत नाही. त्याआधी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यातले ५३ आजारी पडले, दोघे दगावले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहून हवेकडे लक्ष द्या म्हणून विनवावं लागलं. ही वेळ यायला नको होती, कारण पुरावा कधीचाच हाताशी होता.

एकोणिसाव्या शतकात उलट स्थिती होती. जवळपास प्रत्येक साथीचं खापर घाणेरड्या हवेवर फुटायचं. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, तोही दाट वस्त्या मोकळ्या करून उजेड-वारा खेळवण्यासाठी. प्रत्यक्षात प्लेग पसरत होता उंदरांवरच्या पिसवांमुळे. जंतुशास्त्र रुजलं तशी हवेची जुनी कल्पना अडगळीत गेली आणि १९१० मध्ये अमेरिकी आरोग्याधिकारी चार्ल्स चॅपिन यांनी तिला जवळजवळ मूठमाती दिली. रोग पसरतो तो मुख्यतः स्पर्शाने आणि जवळून उडणाऱ्या थेंबांमुळे, असं त्यांचं म्हणणं. लोक हवेला घाबरत बसले तर हात धुणार नाहीत, ही त्यांची खरी काळजी होती. हेतू चांगला होता, पण हवेचा विषय त्यामुळे दीर्घकाळ मागे पडला.

चॅपिन यांच्या या मताला पहिला मोठा धक्का दिला विल्यम फर्थ वेल्स या अभियंत्याने. मोठा थेंब जमिनीवर पडतो, पण बारीक थेंब पडायच्या आतच सुकतो आणि त्याचा उरलेला कण तासन् तास तरंगत राहतो, हे त्यांनी १९३४ मध्ये मांडलं. पुढे फिलाडेल्फियाच्या काही शाळांत त्यांनी हवेतले जंतू मारणारे अतिनील दिवे बसवले. १९४१ च्या गोवराच्या साथीत त्या वर्गांतल्या मुलांना लागण बरीच कमी झाली.

निर्णायक प्रयोग मात्र बाल्टिमोरचा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात वेल्स आणि रिचर्ड रायली यांनी सहा खोल्यांचा क्षयरोग वॉर्ड निवडला. खोल्यांतली हवा डक्टमधून थेट वरच्या पिंजऱ्यांकडे नेली, जिथे सुमारे दीडशे गिनीपिग ठेवले होते. पेशंट आणि प्राणी यांच्यात हवेखेरीज दुवा नव्हता. दर महिन्याला प्रत्येक गिनीपिगची ट्यूबरक्युलिन चाचणी, म्हणजे क्षयाची लागण ओळखणारी त्वचेची चाचणी, व्हायची, आणि महिन्याला सरासरी तीन बाधित निघत होते. दोष चाऱ्या-पाण्याचा नाही ना, ही शंका उरू नये म्हणून पुढे दुसरा गट ठेवला. त्याला तीच हवा दिली, पण अतिनील प्रकाशातून नेऊन. त्या गटातला एकही बाधित झाला नाही.

इतका स्वच्छ पुरावा, पण तो क्षयापुरताच मानला गेला. क्षयाचा जंतू फुप्फुसात खोल पोचण्यासाठी कण ५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान असावा लागतो. हाच आकडा पाठ्यपुस्तकांत ‘हवेत तरंगू शकणाऱ्या कणाची कमाल मर्यादा’ म्हणून शिरला. वेल्स यांची मर्यादा १०० मायक्रॉनच्या आसपास होती. ही गल्लत संशोधकांनी नीट उलगडून दाखवली ती २०२१ मध्ये.

मधल्या काळात इमारतीच बदलल्या. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वीज वाचवायला खिडक्या बंद झाल्या. अमेरिकेत १९८१ च्या मानकात बाहेरच्या हवेचं किमान प्रमाण माणशी मिनिटाला ५ घनफुटांवर आलं. १९८९ मध्ये ते १५ करावं लागलं. आपल्याकडच्या ऑफिसांत, क्लासेसमध्ये सर्रास दिसणारा स्प्लिट एसी तर बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच फिरवून थंड करतो. गारवा मिळतो म्हणून हवा बदलली असं होत नाही.

२०२३ मध्ये ॲशरे या अमेरिकी अभियंता संघटनेने संसर्ग रोखण्यासाठी २४१ क्रमांकाचं मानक काढलं. माणशी किती स्वच्छ हवा हवी, हे त्यात ठरवून दिलं आहे. हिशेबात बाहेरून आलेली हवा धरतात, फिल्टरमधून गेलेली धरतात आणि अतिनील प्रकाशाने निर्जंतुक केलेलीही.