दुर्बिणीला प्लाय घेताना तोंड नको, कड बघा

माझ्या पहिल्या दुर्बिणीची पेटी खारी बिस्किटासारखी उकलली. झालं असं, उन्हाळ्यात ८ इंची आरशाची डॉब्सोनियन (प्लायच्या पेटीवर फिरणारी साधी दुर्बीण) बनवली, मे महिन्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर नेऊन ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ बघितला (आपण कोल्हापूरकर १६.७ अंश अक्षांशावर, त्यामुळं तो दक्षिणेला २६ अंश वर येतोय, पुण्यावाल्यांपेक्षा जवळपास दोन अंश जास्त, हा आपला फायदा), आणि मग पावसाळाभर ती जिन्याखाली चादर टाकून ठेवली. सप्टेंबरात चादर काढली तर खालच्या पाटाची कड फुगलेली, थर सुटलेले, नख घातलं तर आत जातंय. वरनं मात्र मेलामाईन पॉलिशचे दोन हात मारलेले, तोंड दिसतंय त्यात अजून. वरनं आरसा आणि बाजूनं चहात बुडवलेली खारी.

असं का होतं ते आधी बघू. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, पण सगळीकडं सारखं नाही, रेषांच्या दिशेनं जवळजवळ काहीच नाही आणि आडवं मात्र भरपूर. म्हणून प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा असं चिकटवतात, म्हणजे प्रत्येक थर शेजारच्याला धरून ठेवतो, आणि थरांची संख्या विषम ठेवतात म्हणजे दोन्ही बाजूंची ओढाताण सारखी होऊन पाट वाकत नाही. म्हणजे सगळा खेळ गोंदाचा. साध्या एमआर प्लायमध्ये युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, तो पाण्यानं आणि उष्णतेनं हळूहळू तुटतो. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) आणि मरीन प्लायमध्ये फिनॉल फॉर्मल्डिहाइड, तो पाण्याला दाद देत नाही. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, आणि ह्या नावानंच मी फसलो, कारण ते दमट हवेपुरतं आहे, पाण्यासाठी नव्हे. शिक्का बघायचा असेल तर आयएस ३०३ ह्या भारतीय मानकात एमआर आणि बीडब्ल्यूआर येतात, मरीनचा आयएस ७१०, त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून सांधा तपासतात.

शिक्का काय कुणीपण मारतं, म्हणून दुसऱ्या वेळी मी तीन दुकानांतनं कटपीस मागून आणले आणि जुन्या पातेल्यात उकळत ठेवले. आई म्हणाली, शेंगा उकडतोयस व्हय? संध्याकाळपर्यंत एक तुकडा हातानंच सुटला, दुसऱ्याची एक कड सुटली आणि तिसऱ्याला काही झालं नाही, तोच घेतला. तिन्ही दुकानदारांनी वॉटरप्रूफच सांगितलेलं बरं का.

दुकानात गेल्यावर माणूस पाटाचं वरचं तोंड बघतो, रंग कसा, रेषा कशा. तो थर असतो मिलिमीटरपेक्षाही पातळ, त्याच्यावर काय ठरवायचं? पाट उभा करून चारी बाजूंनी कड बघा. मधल्या थरात फट आहे का, एक तुकडा दुसऱ्यावर चढलाय का, थर सरळ जातायत का लाटा मारतायत. फट म्हणजे तिथं स्क्रू धरणार नाही आणि पाणी साठायला खोली तयार. नाण्यानं टकटक करत गेलात तर पोकळ जागी आवाज बदलतो. बर्च प्लायची कड बघितली की नजर हटत नाही हे खरं, पण बर्चचं लाकूड बुरशीला लवकर बळी पडतं, महाग घेतलं म्हणून पावसातनं सुटका नाही.

जाडीचं गणित मजेशीर आहे. पाटाचा ताठपणा जाडीच्या घनानं वाढतो, म्हणजे १२ एमएमचा १८ एमएम केला तर वजन दीडपट आणि ताठपणा ३.४ पट. म्हणून तळाचा पाट १८, बाजूच्या फळ्या १२ आणि कोपऱ्यात आडव्या पट्ट्या, एवढं ८ इंचीला बास. सगळंच १८ केलं तर पन्हाळ्यावर न्यायला दोन पैलवान लागतील. १५० पट मोठं करून बघताना पेटीचा थरथराट पण १५० पट दिसतो, तेव्हा तळात काटकसर नको.

जॉन डॉब्सननं भंगारातलं प्लाय, पुठ्ठ्याची नळी आणि जहाजाच्या खिडकीच्या काचा वापरून दुर्बिणी केल्या, सॅन फ्रान्सिस्कोतल्या वेदांत मठात संन्यासी असतानाच, हे वाचून मला वाटलेलं आपल्यालाही कसलंही प्लाय चालेल. चालतं की, जूनपर्यंत.

आता फिनिश. पाऊस दुर्बिणीवर कोण पाडून घेत नाही, खरा त्रास दवाचा. रात्री मोकळ्या आभाळाखाली दुर्बीण उष्णता वर सोडत राहते आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, मग तिच्यावर पाणी धरतं, ते ओघळून खाली येतं आणि तळाच्या कडेला थांबतं. कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या तोंडाच्या असतात, स्ट्रॉनं उसाचा रस ओढावा तसं पाणी आत जातं. म्हणून चपड्याचं पॉलिश इथं नको, पाण्यानं पांढरे डाग पडतात. जवसाचं तेल दिसायला सुरेख पण पाणी फारसं अडवत नाही, आणि त्याच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, तेल सुकताना उष्णता सुटते, चिंध्या आपोआप पेट घेतात. मी पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश घेतलं. कडांना आधी इपॉक्सी, ती पिऊन झाली की परत एकदा, मग सगळीकडं पीयूचे तीन हात, पहिला पातळ, मध्ये ३२० नंबरचा पॉलिशपेपर. तळाची न दिसणारी बाजू पण तेवढीच, नाहीतर एका बाजूनं पाणी पिऊन पाट वाकतो. पेटी फिरावी म्हणून टेफ्लॉनचे तुकडे सरकायला वर सनमाईका लावलात तर तिथंही तेच, खालच्या बाजूला पण लावा.

आणि हे पावसाळ्यात करू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिश दुधाळ होतं, म्हणजे दवाचाच भाऊ. फेब्रुवारी-मार्च बेस्ट. आरसा बसवायच्या आधी पंधरा दिवस वास जाऊ द्या.

नव्या पेटीला दोन पावसाळे झाले, परवा व्हर्निअर (जाडी मोजायची पट्टी) लावून सगळ्या कडा मोजल्या, जशाच्या तशा. एकच जागा हुकली, पेटी ज्याभोवती फिरते त्या मधल्या बोल्टचं भोक. ते ड्रिल केलं सगळं पॉलिश झाल्यावर, आणि भोक म्हणजे पण कडच की, आत गोल. तिथं पाट मिलिमीटरभर वर आलाय आणि दुर्बीण फिरवताना बरोबर तिथं अडकते. मार्चमध्ये भोक मोठं करून आतनं इपॉक्सी फिरवायची आहे.