कोव्हला जाताना: आई-बाबांसोबतच्या एका दिवसाची माहिती

कॉर्कमधल्या मराठी घरांत मे ते सप्टेंबर हा आई-बाबांच्या मुक्कामाचा काळ. मुलगा-सून किंवा लेक-जावई आठवडाभर कामात, नातवंडे शाळेत, आणि शनिवार-रविवारी मग ठरलेली धावपळ: ब्लार्नीचा किल्ला, मोहेरचे कडे, आणि परतीच्या वाटेवर जमलेच तर तासभर कोव्ह. आमच्या सहलीत कोव्ह 'जमलेच तर' या यादीत नसते. त्याला आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा पूर्ण दिवस देतो. ज्यांची मुले परदेशात राहतात अशा पालकांना आयर्लंडमधले एकच गाव दाखवायचे झाले, तर आम्ही हेच दाखवू.

कोव्ह हे कॉर्कच्या बंदरातल्या ग्रेट आयलंड बेटावर, टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी वसलेले गाव आहे. 1849 मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे आली तेव्हा गावाला क्वीन्सटाउन हे नाव मिळाले. स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसांत, 1920 च्या सुमारास, गावाने ते टाकून दिले आणि जुने नाव आयरिश वळणाने पुन्हा घेतले. त्यामुळे टायटॅनिकच्या गोष्टीतले क्वीन्सटाउन शोधत कुणी आले, तर ते हेच.

आगगाडीनेच का?

गाडी असली तरी आम्ही कॉर्कच्या केंट स्टेशनवरून आगगाडीनेच नेतो. सुमारे पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे आणि लीप कार्ड (बस-आगगाडीचे प्रवास कार्ड) चालते. जाताना उजव्या हाताच्या खिडक्या धरा, कारण बहुतेक वाटभर पाणी त्याच बाजूला असते. नातवंडे बरोबर असतील तर फोटा स्टेशन आल्यावर ती उतरायचा हट्ट धरतील, तिथे प्राण्यांचे मोठे उद्यान आहे. ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

आगगाडीचा आग्रह नुसत्या सोयीपोटी नाही. देश सोडून जाणारी माणसेही याच मार्गाने यायची, आणि जुने स्टेशन आज गावाचे वारसा केंद्र आहे. तुम्ही गाडीतून उतरता तो फलाट आणि त्यांची कहाणी सांगणारी दालने अगदी शेजारी-शेजारी आहेत.

बटाट्यावर करपा पडला आणि 1845 पासून आयर्लंडमध्ये सलग काही वर्षे दुष्काळ पडला. सुमारे 10 लाख माणसे भुकेने आणि साथींनी गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. पुढे दुष्काळ सरला तरी जाणे थांबले नाही. 1848 ते 1950 या काळात आयर्लंडमधून 60 लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली, त्यांतली सुमारे 25 लाख एकट्या कोव्हमधून.

या केंद्रात आम्ही घाई करत नाही. त्या काळी मुलगा किंवा मुलगी निघायची त्याच्या आदल्या रात्री घरी सगळे गाव जमे. खाणे-पिणे, गाणी, नाच, मधूनच रडारड, असे पहाटेपर्यंत चाले. त्याला 'अमेरिकन वेक' म्हणत. 'वेक' म्हणजे घरात मृतदेह असताना रात्रभर जागायची रीत. माणूस जिवंत, धडधाकट, तरी त्याच्यासाठी हीच रीत पाळायची, कारण पुन्हा भेट होणार नाही हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असे. पत्र यायचे, पैसे यायचे, माणूस यायचा नाही. आमच्याबरोबर येणारे काका-काकू इथे बराच वेळ बोलत नाहीत. मग कुणीतरी विचारते की त्या आई-वडिलांचे पुढे काय झाले. या प्रश्नासाठी वेळ हवा, म्हणूनच आमचा गट आठ जणांपेक्षा मोठा नसतो.

बाहेर धक्क्यावर एका मुलीचा पुतळा आहे, सोबत तिचे दोन धाकटे भाऊ. ही ॲनी मूर. न्यूयॉर्कचे एलिस आयलंड केंद्र 1 जानेवारी 1892 रोजी सुरू झाले, तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली स्थलांतरित हीच. आई-वडील आधीच न्यूयॉर्कला गेलेले, आणि ही भावांना घेऊन हिवाळ्यातल्या समुद्रातून त्यांच्याकडे निघालेली. पुतळ्याकडे नीट पाहा: एक भाऊ पुढे समुद्राकडे बोट दाखवतो आहे आणि ॲनी मागे वळून गावाकडे बघते आहे.

टायटॅनिकचा शेवटचा थांबा

11 एप्रिल 1912 रोजी टायटॅनिक इथे थांबले. जहाज इतके मोठे की ते धक्क्याला लागले नाही. बंदराच्या तोंडाशी, रोचेस पॉइंटजवळ नांगर टाकून उभे राहिले, आणि 'अमेरिका' व 'आयर्लंड' या दोन छोट्या बोटींनी प्रवाशांना तिथपर्यंत नेले. इथून 123 जण चढले, त्यांतले बहुतेक तिसऱ्या वर्गाचे. टायटॅनिकची मालक असलेल्या व्हाइट स्टार लाइन कंपनीची जुनी कचेरी केसमेंट चौकात आहे, आज तिथेच टायटॅनिकचे प्रदर्शन भरवलेले आहे. आत जाताना प्रत्येकाच्या हातात तिकिटासारखे एक कार्ड देतात. त्यावर त्या 123 पैकी कुणा एकाचे नाव असते. त्या माणसाचे काय झाले, ते शेवटच्या दालनात कळते. लहान मुले आपले कार्ड घट्ट धरून फिरतात, म्हणून सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना आधी थोडी कल्पना द्या.

इमारतीच्या मागे पाण्यात काळे पडलेले लाकडी खांब उभे दिसतात. तो जुना धक्का. प्रवासी याच फळ्यांवरून बोटीत चढले.

उतरलेली माणसेही होती. फ्रान्सिस ब्राउन नावाचा, पुढे धर्मगुरू झालेला एक तरुण साउदम्प्टनहून इथपर्यंत आला होता. जहाजावरच्या एका श्रीमंत दांपत्याने त्याला न्यूयॉर्कपर्यंतचे तिकीट देऊ केले. त्याने वरिष्ठांकडे परवानगी मागितली तर तारेने उत्तर आले की जहाजावरून उतर. तो उतरला, त्याच्याबरोबर त्याचा कॅमेराही उतरला. टायटॅनिकवरच्या जीवनाची आज आपण पाहतो ती कितीतरी छायाचित्रे त्याचीच आहेत.

त्याच चौकात देवदूताचे एक स्मारक आहे, पायाशी दोन खिन्न कोळी. ते लुसिटानिया जहाजाचे. 7 मे 1915 रोजी जर्मन पाणबुडीने किन्सेलच्या टोकाजवळ ते बुडवले. अवघ्या 18 मिनिटांत जहाज गेले आणि जवळपास 1,200 माणसे मेली. वाचलेले आणि गेलेले दोघेही कोव्हला आणले गेले. गावाबाहेरच्या जुन्या चर्चच्या स्मशानभूमीत त्यांतल्या शंभराहून अधिक जणांना 10 मेपासून पुरले, बरेचसे सामूहिक कबरींत. सगळे जग टायटॅनिकसाठी इथे येते, पण गावाने आपल्या हातांनी सोसले ते लुसिटानियाचे दुःख. आमचे मत विचाराल तर या चौकात लुसिटानियापाशी जास्त वेळ थांबावे. स्मशानभूमी चालत लांब पडते, जायचे असेल तर आधी कळवा, टॅक्सीची सोय करतो.

चढ, घंटा आणि पत्त्यांची घरे

संत कोलमन यांचे कॅथेड्रल गावाच्या डोक्यावर आहे. खालून पाहिले तर वाटते, हे काय, पाच मिनिटांत पोहोचू. पण चढ उभा आहे. गुडघेदुखी असलेल्यांनी पायी चढायचा हट्ट धरू नये. आम्ही सगळ्यांना आधी टॅक्सीने वर नेतो आणि मग रमतगमत खाली उतरतो, ज्यांना उतारही सोसत नाही ते टॅक्सीनेच परत येतात.

बांधकाम 1868 मध्ये सुरू झाले आणि मनोरा पुरा व्हायला 1915 उजाडले. मनोऱ्यात 49 घंटांचा संच आहे, आयर्लंडमधला सर्वात मोठा. दोर ओढून वाजवायच्या या घंटा नाहीत. वर एक वादक लाकडी दांड्यांसमोर बसतो आणि बंद मुठींनी ते दांडे दाबून पूर्ण चाली वाजवतो. उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी वादन असते, शक्य असेल तर रविवारच निवडा. आत जाताना चपला-बूट काढावे लागत नाहीत (हे प्रत्येक आजी विचारतात), पुरुषांनी मात्र टोपी काढायची. हे नांदते देऊळ आहे. लग्न किंवा अंत्यविधी चालू असेल तर आम्ही बाहेर थांबतो, फोटोसाठी आत डोकावत नाही.

ओळीने उतरत गेलेली रंगीत घरे आणि मागे कॅथेड्रल, हा फोटो तुम्ही पाहिलेलाच असेल. 1850 च्या सुमाराची ही घरे. गावकरी त्यांना पत्त्यांची घरे म्हणतात, कारण सगळ्यात खालचे पडले तर वरची सगळी एकावर एक कोसळतील, असे ती पाहून वाटते. फोटोसाठी काही जण स्पाय हिलवरच्या उंच भिंतीवर चढतात. पलीकडे खोल उतार आहे, आम्ही कुणालाही चढू देत नाही. घरांसमोरच्या छोट्या बागेतूनही छान फोटो येतो. आणि त्या घरांत माणसे राहतात, त्यांच्या दारातल्या पायरीवर बसू नका.

समोरची बेटे

खालच्या बागेतल्या बाकांवर बसले की समोर दोन बेटे दिसतात. त्यांतले हॉलबोलाइन म्हणजे आयरिश नौदलाचा तळ. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचे कनिष्क विमान आयर्लंडच्या नैर्ऋत्येला समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळले, 329 जण गेले. समुद्रातून मृतदेह काढणाऱ्यांत आयरिश नौदलाचे 'ॲशलिंग' हे जहाज होते, आणि ते मृतदेह कॉर्कमध्ये आणले होते. या भागातल्या माणसांनी तेव्हा आपल्या लोकांसाठी जे केले, ते आम्ही प्रत्येक गटाला सांगतो. स्मारक मात्र इथे नाही, ते पश्चिम कॉर्कमधल्या अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या खेड्यात आहे. तिथे जायचे असल्यास वेगळा दिवस लागतो.

दुसरे बेट स्पाइक. सहाव्या-सातव्या शतकातला मठ, मग ताऱ्याच्या आकाराचा किल्ला, मग 1847 पासून तुरुंग. दुष्काळात पोटासाठी चोरी केलेली माणसेही इथे डांबली गेली, आणि कितीतरी जणांना पुढे बर्म्युडा, ऑस्ट्रेलियाकडे धाडले. आपल्याकडे ज्याला काळे पाणी म्हणत, तेच. एका वेळी 2,300 च्या वर कैदी इथे होते. 1922 मध्ये देशाचा बहुतेक भाग स्वतंत्र झाला तरी हे बेट ब्रिटिशांनी 1938 पर्यंत सोडले नाही. बोट केनेडी धक्क्यावरून सुटते. बेट पाहायला अर्धा दिवस सहज जातो, म्हणून गाव आणि स्पाइक एकाच दिवसात आम्ही घेत नाही, विशेषतः साठीच्या पुढच्या मंडळींबरोबर. दोन्ही अर्धवट होते.

जेवण, पाऊस आणि कागदपत्रे

शाकाहारी मंडळींनी एवढे लक्षात ठेवावे: 'चाउडर' नावाचे पांढरे, दाट सूप दिसायला बटाट्याचे वाटते, पण त्यात मासे असतात. भाज्यांचे सूप मागितले तरी ते चिकनच्या पाण्यात केले आहे का, हे विचारायलाच हवे, आम्ही ते तुमच्या वतीने विचारतो. सूपबरोबर मिळणारा सोडा घातलेला तपकिरी ब्रेड आणि लोणी बहुतेकांना आवडते. घरून पोळी-भाजी आणली तरी आनंदच, बागेत बसून खाता येते. फक्त समुद्रपक्ष्यांवर लक्ष ठेवा, हातातला घास उचलून नेतात.

छत्री आणू नका, बंदरावरचा वारा ती उलटी करतो. टोपीचे रेनकोट आणि न घसरणारे बूट हवेत. जुलैतही स्वेटर लागतो. मोठी प्रवासी जहाजे वारसा केंद्राच्या शेजारीच लागतात आणि त्या दिवशी गाव तुडुंब भरते, म्हणून तारीख ठरवताना आम्ही जहाजांचे वेळापत्रक पाहूनच कळवतो.

जर्मनी, नेदरलँड्सकडून नातेवाईक येऊन सामील होणार असतील, तर शेंगेन व्हिसावर आयर्लंडमध्ये प्रवेश मिळत नाही. लंडनहून येणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांचा ब्रिटिश व्हिसा ब्रिटिश-आयरिश योजनेतला असेल तरच चालतो, तशी नोंद व्हिसावर असते. तिकीट काढण्याआधी ती पाहा.

शुल्कात आगगाडीचे तिकीट, वारसा केंद्र, टायटॅनिक प्रदर्शन आणि वरपर्यंतची टॅक्सी धरलेली आहे, जेवण नाही. नावनोंदणी करताना गुडघे, रक्तदाब, मधुमेह, उपवासाचा वार, जे असेल ते मोकळेपणी सांगा. त्याप्रमाणे वेळा पुढे-मागे करतो. आदल्या दिवशी हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला तर सहल पुढे ढकलतो किंवा पूर्ण पैसे परत करतो, यातले काय हवे ते तुम्ही ठरवायचे.