शेरेबुकात कोण सापडतो, कोण सापडत नाही

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ चे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चे. (चिपळूणचे हे नाव अर्थातच मागाहूनचे, १८६४ मध्ये टिळक जेमतेम आठ वर्षांचे होते.) आज ती सार्वजनिक म्हणून ओळखली जातात, पण अशा वाचनालयांचा संसार चालला तो वर्गणीदारांच्या जिवावर. वर्गणी भरणारे बहुतेक वकील, मास्तर, कचेरीतले कारकून. तेवढ्यात भागत नसे, म्हणून देणगीदार शोधायचे, साहेबाची किंवा संस्थानाची मर्जी राखायची.

शेरेबुकाची, म्हणजे पाहुण्यांनी अभिप्राय लिहायच्या वहीची, खरी गरज तिथे पडली. डेप्युटी शाळा तपासून गेले की शेरा लिहून जात, तीच रीत वाचनालयांतही रुजली. ‘आज रोजी वाचनालयास भेट दिली, व्यवस्था पाहून समाधान वाटले’ या छापाच्या दोन ओळी, खाली सही आणि हुद्दा. वाचायला कंटाळवाणे, पण पुढच्या देणगीदाराकडे जाताना चिटणीसाच्या हातात तेवढाच दाखला असे. त्यामुळे या वह्यांतली स्तुती जरा बेतानेच घ्यावी. पाहुण्याला चहा पाजून लिहून घेतलेला मजकूर तो!

तारखा मात्र नीट पाहाव्यात. मुंबईहून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्याला येणारा माणूस बोटीने येई आणि पावसाळ्यात बोटी बंद. जून ते श्रावण एकही सही नसेल तर वाचनालय ओस पडले होते असे समजू नये. पाहुणे नव्हते, एवढेच. त्या दिवसांत गावचा वर्गणीदार काय वाचत होता हे हवे असेल, तर पुस्तकांच्या देवघेवीची वही काढावी लागते. तो माणूस शेरेबुकात सापडत नाही. रोज येणाऱ्याकडे अभिप्राय कोण मागतो?

१९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान वर्गावर मिळू लागले. आता भिस्त सरकारी तपासणीवर होती. पाहुण्याचा अभिप्राय मानापुरता उरला आणि साहित्यिकांच्या सह्या वाढल्या.

या वह्या टिकवणे कठीण. दमट हवा, वाळवी, कसर आहेच. त्यात जुन्या काळ्या शाईतले लोह कागद खाते आणि काही पानांवर अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचे भोक उरते. चिपळूणच्या वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशी दोनदा पुराची झळ पोचली. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी मिळू शकते, शेरेबुकाची प्रत एकच. ज्यांच्या कपाटात अशी वही असेल त्यांनी निदान मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवावेत, आणि तेही मे संपायच्या आत.