चंडोलाचं गाणं संथ केलं तर

पावसाच्या तोंडावर भल्या पहाटे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर गेलात, तर चंडोल आधी ऐकू येतो आणि मग, बराच वेळ शोधल्यावर, आभाळात ठिपक्याएवढा दिसतो. मी त्याचं गाणं मोबाइलवर टिपून घरी आणलं आणि संगणकावर वेग पाव केला. सूर दोन सप्तकं खाली आले, आणि माळावर जी नुसती किलबिल वाटली होती तिच्यातून सुरावरून सुरावर घसरणारी मींड निघाली, झटक्यात घेतलेले खटके निघाले. अंगावर काटा आला.

पक्ष्याला हे जमतं त्याच्या कंठामुळे. आपलं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं, पक्ष्याचं खाली, नलिकेला दोन फाटे फुटतात तिथे. दोन्ही फाट्यांचे पडदे वेगवेगळे हलवता येत असल्याने काही पक्षी एकाच वेळी दोन सूर काढतात.

फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ (१९०८–१९९२) हाच उद्योग वही घेऊन रानात बसून करायचे. पियानोची शेवटची पट्टी ४१८६ हर्ट्झची. कित्येक पक्षी तिच्याही वर गातात. म्हणून ते सूर खाली आणत, वेग कमी करत आणि पक्ष्याच्या बारीक श्रुती पट्ट्यांवर बसाव्यात म्हणून स्वरांमधलं अंतर वाढवत. आपल्या सोलापुरात जेकार्ड मागावरच्या चादरीची नक्षी आधी ग्राफच्या कागदावर चौकोन मोजत मोठी काढतात, तसंच हे.

त्यांची सर्वांत गाजलेली रचना चार वादकांची आहे. अशा छोट्या बैठकीच्या संगीताला चेंबर म्युझिक म्हणतात; त्यात प्रत्येक वाद्याला स्वतंत्र ओळ. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी असताना त्यांनी ती पूर्ण केली आणि १५ जानेवारी १९४१ रोजी जर्मनीतल्या गोर्लिट्झच्या छावणीत कैद्यांसमोर ती पहिल्यांदा वाजली. पियानोवर ते स्वतः होते. पहिल्या भागात पहाटेचे पक्षी जागे होतात: क्लॅरिनेट कस्तुराच्या जातीतल्या काळ्या पक्ष्याचं गाणं गाते, व्हायोलिन नाइटिंगेलचं. त्यांच्याखाली पियानो जी लय धरतो ती मात्र आपली आहे. रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश: तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शारंगदेवांनी ‘संगीतरत्नाकरा’त नोंदवलेले हे देशी ताल. मेसियाँना ते एका फ्रेंच संगीतकोशात सापडले. मराठी मुलखात लिहिलेले ताल त्या छावणीत वाजले, हे मला अजून नवलाचं वाटतं.

तीन ताल मिळून १७ मात्रामूल्यं, म्हणजे लांबी ठरलेले १७ ठोके होतात, आणि त्यांवर फिरणारे, एकदम वाजणाऱ्या सुरांचे समूह २९. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे १७ × २९ म्हणजे ४९३ ठोके झाल्याखेरीज दोन्ही चक्रं पुन्हा एकत्र सुरू होत नाहीत. वर पक्षी गात राहतात, खाली चक्रं सरकत राहतात, आणि सुमारे तीन मिनिटांत, ती जुळण्याच्या कितीतरी आधी, तो भाग थांबतो.