डीप क्लीनिंग : हिरड्यांखालची खोल सफाई

हिरडी आणि दाताचे मूळ यांमधल्या फटीत साचलेले जंतूंचे थर व किटण काढून मूळ स्वच्छ करण्याच्या उपचाराला डीप क्लीनिंग म्हणतात. दंतवैद्यकातले त्याचे नाव स्केलिंग आणि रूट प्लेनिंग. लोक ज्याला ‘पायरिया’ म्हणतात, त्या हिरड्यांच्या आजारावरचा हा मुख्य उपचार. साध्या सफाईत हत्यार हिरडीच्या कडेपाशी थांबते, इथे ते कडेखाली, फटीच्या तळापर्यंत जाते.

निरोगी हिरडीची फट १ ते ३ मिमी खोल असते. दातावरचा मऊ थर रोज निघाला नाही तर लाळेतले कॅल्शियम व फॉस्फेट त्यात बसून तो कडक होतो. हेच किटण. सोलापुरात त्याचा दोष सर्रास बोअरच्या क्षाराच्या पाण्याला दिला जातो, पण किटणातले क्षार पिण्याच्या पाण्यातून येत नाहीत. लाळग्रंथींची तोंडे जिथे उघडतात तिथे, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडील बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला, ते सर्वांत जास्त जमते. हिरडीखालचे किटण काळपट, चिवट आणि मुळाला घट्ट चिकटलेले असते. त्यावरच्या जंतूंमुळे सूज येते, हिरडी मुळापासून सुटते, हाड झिजते आणि फट ४ मिमी किंवा त्याहून खोल होते. अशा फटीला पॉकेट म्हणतात. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही.

तंबाखूने हा आजार वाढतो आणि लपतोही. विड्यांच्या कारखान्यांच्या सोलापुरात विडी ओढणारे आहेत, तंबाखू मळणारे आहेत आणि सकाळी मिश्रीने दात घासणारेही, विशेषतः बायका, पुष्कळ आहेत. निकोटिनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, आणि ‘मिश्रीने हिरड्या घट्ट राहतात’ असा समज पक्का होतो. आत हाड मात्र झिजतच असते. मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त जास्त दिसू शकते. ते रक्ताभिसरण पूर्ववत होत असल्याचे लक्षण आहे, तेवढ्यावरून पुन्हा मिश्रीकडे वळू नये.

उपचाराआधी मोजमाप अटळ आहे. मिमीच्या खुणा असलेली बोथट सळई, म्हणजे प्रोब, अगदी हलक्या दाबाने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालतात. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. रक्त कुठे आले, दात किती हलतो हेही टिपतात आणि हाडाची पातळी एक्स-रेत पाहतात. हे आकडे न घेता केलेल्या सफाईचा गुण आला की नाही, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. याच वेळी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण आणि बदललेली हृदयाची झडप यांची माहिती डॉक्टरांना द्यावी. झडप बदललेल्यांना आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

भूल सहसा २ टक्के लिग्नोकेनची, १:८०,००० ॲड्रेनालिनसह देतात. एका बैठकीत तोंडाचा पाव किंवा अर्धा भाग होतो, वेळ ४५ ते ६० मिनिटे. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून एसटीने येणाऱ्याला एकदा उजवी बाजू वर-खाली आणि एकदा डावी, अशा दोन बैठका सोयीच्या पडतात, शिवाय जेवायला एक बाजू मोकळी राहते.

आधी अल्ट्रासॉनिक स्केलरने जाड किटण फोडतात. त्याचे टोक सेकंदाला २५,००० किंवा त्याहून जास्त वेळा कंप पावते, ते तापू नये म्हणून पाणी सतत लागते. नंतर हाताची हत्यारे येतात. ग्रेसी क्युरेट, म्हणजे किटण खरवडायची वाकड्या पात्याची हत्यारे, दातांच्या जागेप्रमाणे वेगवेगळे असतात: पुढच्या दातांना ५/६ क्रमांकाचे, दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२, मागच्या बाजूला १३/१४. पाते मिटलेल्या कोनात, म्हणजे मुळाला जवळजवळ सपाट टेकवून, तळाशी नेतात, मग मुळाशी ७० ते ८० अंश कोन करून छोट्या, जोरकस खेचीने किटण उचलतात. इथे हत्याराची धार फार महत्त्वाची. बोथट पाते किटण उचलत नाही, त्यावरून घसरत ते घोटून गुळगुळीत करते. बोटांना मूळ स्वच्छ लागते आणि किटण तिथेच राहते. म्हणून बारीक टोकाच्या एक्सप्लोररने पुन्हा चाचपतात.

अर्धवट सफाईचा धोका वेगळाच आहे. वरची हिरडी सूज उतरून घट्ट बसते, तळाचे किटण राहते, पू बाहेर यायला वाट उरत नाही आणि काही दिवसांत गळू येते. ५ मिमीपेक्षा खोल पॉकेटमध्ये आणि दाढांच्या मुळांच्या फाट्यात ही शक्यता जास्त असते, कारण फाट्याचे तोंड बऱ्याचदा क्युरेटच्या पात्याहून अरुंद असते.

‘सफाई केली की दात हलतात’ या भीतीने कितीतरी लोक दात पडेपर्यंत थांबतात. खालच्या पुढच्या दातांमागे किटणाची सलग भिंत झालेली असते आणि हाड गेलेले दात तिच्या आधाराने उभे असतात. भिंत काढली की आधीचाच सैलपणा उघडा पडतो. सूज ओसरल्यावर बरेचसे दात काही आठवड्यांत घट्ट होतात. फार हलणारे दात तारेने किंवा फायबरने एकमेकांना बांधून घेता येतात. दातांमध्ये फटी दिसणे आणि गार पाणी झोंबणे मात्र खरे आहे. झोंबण्यावर ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट वापरतात, फरक पडायला २ ते ४ आठवडे लागतात.

बधिरपणा २ ते ३ तास टिकतो. तोवर जेवू नये, गाल चावला जातो. पहिले तीन-चार दिवस कडक भाकरी आणि शेंगा चटणी बंद. चटणीची भरड सैल हिरडीच्या कडेखाली शिरून बसते. आमटीत किंवा दुधात कुस्करलेली मऊ भाकरी चालते. ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनच्या १० मिलीने दिवसातून दोनदा गुळण्या, जास्तीत जास्त दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्यावा, नाहीतर फेसामुळे औषधाचा असर घटतो. वारंवार चहा पिणाऱ्यांच्या दातांवर या दिवसांत तपकिरी डाग पडतात, ते नंतर घासून निघतात. मऊ ब्रश त्याच रात्रीपासून चालू ठेवावा आणि मोकळ्या झालेल्या फटींसाठी नेमक्या मापाचा इंटरडेंटल ब्रश घ्यावा.

पुन्हा मोजणी ६ ते १२ आठवड्यांनी करतात, त्याआधी नव्याने चिकटलेली हिरडी प्रोबने उचकटते. ४ ते ६ मिमीचे पॉकेट सरासरी १ मिमीने आणि ७ मिमी किंवा त्याहून खोल पॉकेट सुमारे २ मिमीने कमी होते. गेलेले हाड सहसा परत येत नाही. तंबाखू चालू ठेवणाऱ्यांत सुधारणा कमी होते. मधुमेहींमध्ये तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली साखर दाखवणारा टक्केवारीतला आकडा) सरासरी ०.४ ने उतरल्याचे आढळते, ही या उपचाराची मोठी मिळकत. रक्तासह ५ मिमीच्या वर राहिलेल्या जागा हिरडी उघडून साफ करायच्या का, हे हिरड्यांचे तज्ज्ञ ठरवतात. बाकीच्यांना साधारण दर तीन महिन्यांनी तपासून, जिथे पुन्हा थर बसला असेल तेवढ्याच जागा साफ करतात.