वार्दाने सूर्य-चंद्र बनवले नाहीत रे भाऊ

परवा कानबाईच्या रोटांना धुळ्याला सगळी भाऊबंदकी जमलेली, तिथं माझा चुलतभाऊ परत तेच, की 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या लेखक टॉल्कीनच्या काल्पनिक दुनियेतली वार्दा देवी म्हणजे आकाशातलं सगळंच तिनं घडवलं, तारे, चंद्र, सूर्य. हे मी कॉलेजपासून ऐकतोय. अर्धंच खरं आहे.

तारे तिचेच, तिथले एल्फ लोक तिला एल्बेरेथ, म्हणजे ताऱ्यांची राणी, म्हणून हाक मारतात ते त्याचमुळे. पण १९७७ साली आलेल्या त्याच्या 'सिल्मरिलियन' पुस्तकामधे नीट वाचा: याव्हाना या झाडापेरांच्या देवीने गाणं म्हणून दोन झाडं उगवली, एक चंदेरी, एक सोनेरी, ती मेल्कोर नावाचा दुष्ट देव आन् एका राक्षसी मादी कोळ्यानं (जाळं विणणारा किडा तो) मारून टाकली, तर मरता मरता चंदेरी झाडाला एक शेवटचं फूल आलं आणि सोनेरीला एक फळ, बस. फुलाचा चंद्र, फळाचा सूर्य. त्यांना ठेवायची भांडी औले या कारागीर देवाने घडवली. वार्दाने ती वर सोडली आणि रस्ता आखून दिला, म्हणून गोंधळ होतो बहुतेक.

आणि चंद्र आधी उगवला, सूर्य नंतर! हे सांगितलं तर भाऊ रोटाचा तुकडा हातात धरून बघतच राहिला.