जहाल-मवाळ वाद (राष्ट्राध्यक्षांचे परराष्ट्र धोरण)

जहाल-मवाळ वाद : एखादा राष्ट्राध्यक्ष इतर देशांशी वागताना नको तितका ताठर आहे की नको तितके पडते घेतो, याविषयीची राजकीय चर्चा. ती सर्वांत जास्त झडते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल, कारण तिथे सैन्याचे सर्वोच्च सेनापतिपद आणि परराष्ट्र धोरणाची सूत्रे एकाच माणसाच्या हाती असतात. युद्ध पुकारण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला आहे, पण तिथल्या काँग्रेसने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ मध्ये. त्यानंतरच्या लढाया राष्ट्राध्यक्षांच्या हुकमावर झाल्या. १९७३ च्या कायद्याने सैन्य धाडल्यावर ४८ तासांत काँग्रेसला कळवण्याचे बंधन आले. भारताच्या राष्ट्रपतींविषयी असा वाद संभवत नाही. आपल्याकडे खापर फुटते ते पंतप्रधानांच्या डोक्यावर.

शब्दांविषयी : इंग्रजीत या दोन गटांना ससाणे आणि कबुतरे म्हणतात. ही जोडी रूढ झाली १९६२ च्या क्यूबा पेचप्रसंगानंतर. मराठीला हे पक्षी फारसे मानवले नाहीत. इथे जहाल आणि मवाळ हे शब्द आधीपासून तयार होते. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली त्या भांडणातले ते शब्द. मवाळ स्वतःला नेमस्त म्हणवत, आणि फिरोजशहा मेहता हे मुंबईतले त्यांचे बडे प्रस्थ होते. इंग्रज सरकारकडे काय मागायचे आणि कोणत्या सुरात मागायचे, एवढाच तो तंटा होता. परराष्ट्र धोरणाशी त्याचा संबंध नव्हता. शब्द मात्र टिकले, आणि 'मवाळ' म्हणताना आवाजात येणारी किंचित कुचेष्टाही टिकली. त्याहून तिखट हवे असेल तर 'बोटचेपे धोरण', 'नांगी टाकली', 'लांगूलचालन' हे आहेतच. उलट बाजूला 'आततायी', 'युद्धखोर', 'दादागिरी'. निंदेचा हा साठा पाहिला की स्तुतीसाठी 'कणखर', 'संयमी' आणि 'मुत्सद्दी' एवढेच काय ते हाताशी उरतात.

क्यूबा, आणि उत्तर मुंबई : ऑक्टोबर १९६२ मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्रे क्यूबात सापडली तेव्हा केनेडींनी बेटाभोवती नौदलाची नाकेबंदी केली. तेरा दिवसांच्या पेचानंतर सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह नमले. खंबीर राष्ट्राध्यक्षाचे उदाहरण म्हणून हा प्रसंग पुढे कित्येक वर्षे सांगितला गेला. त्याच वेळी तुर्कस्तानातली अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुपचूप कबूल केले होते, हे बऱ्याच उशिरा उजेडात आले. म्हणजे देवघेव झालीच होती, ती फक्त पडद्याआड ठेवली गेली. या वादात भल्याभल्यांची फसगत होते ती इथेच.

त्याच महिन्याच्या २० तारखेला चीनने भारतावर हल्ला केला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन हे उत्तर मुंबईचे खासदार. काही महिन्यांपूर्वीच त्यांनी आचार्य कृपलानींचा पराभव केला होता, आणि त्या निवडणुकीत आचार्य अत्रे मेनन यांच्या बाजूने उतरले होते. आता चीनपुढे फार मऊ आणि अमेरिकेशी फार उर्मट, असे दोन्ही आरोप एकाच माणसावर एकाच वेळी झाले. मेनन यांना जावे लागले. मुंबईहून यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी गेले, तेव्हा 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य महाराष्ट्रभर दुमदुमले. नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी ज्यांच्याकडे लढाऊ विमाने मागितली ते केनेडीच.

सातवे आरमार : डिसेंबर १९७१ चा प्रसंग मुंबईकरांच्या एका पिढीला अजून विसरता आलेला नाही. शहरात ब्लॅकआऊट होता. घराघरांत खिडक्यांच्या काचांना कागद चिकटवलेले होते. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आपल्या सातव्या आरमारातली, अणुशक्तीवर चालणारी 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. तिने एक गोळाही डागला नाही, पण 'सातवे आरमार' हा शब्द धमकीचा पर्याय म्हणून मराठीत कायमचा शिरला. त्याच वर्षी जुलैमध्ये निक्सन यांचे सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप पेकिंगला (आताचे बीजिंग) जाऊन आले होते, आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन स्वतः तिथे गेले. अमेरिकेतल्या चर्चेत निक्सन यांचे नाव चीनशी समझोता करणारा धोरणी नेता म्हणून येते. कुलाब्याच्या नौदल वसाहतीत हेच नाव काढून पाहावे, वेगळेच ऐकू येईल.

कार्टर आणि रेगन यांची जोडी या वादात नेहमी समोरासमोर उभी केली जाते. इराणमध्ये तेहरानला ५२ अमेरिकी ४४४ दिवस ओलीस राहिले, म्हणून कार्टर दुबळे ठरले. एप्रिल १९८० मध्ये त्यांनी सुटकेसाठी लष्करी मोहीम धाडली होती आणि तीत आठ जवान गेले, हे सोयीस्करपणे विसरले जाते. रेगन खंबीर म्हणून ओळखले जातात. बैरुतच्या स्फोटात २४१ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर त्यांनी काही महिन्यांत तिथून सैन्य काढून घेतले, आणि १९८७ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्याशी क्षेपणास्त्र करारही केला. २००३ च्या इराक युद्धावर आपल्या संसदेने केलेला ठराव भाषेच्या अंगाने पाहण्यासारखा आहे. हिंदीत 'निंदा', तर इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते मुंबईचे मनोहर जोशी. जहाल आणि मवाळ दोघांचेही समाधान एकाच कागदावर, दोन भाषांत.

ताज आणि झेवियर्स : २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ लोक मारले गेले, त्यांत सहा अमेरिकी होते. दोन वर्षांनी ६ नोव्हेंबर २०१० रोजी ओबामा भारतात आले ते थेट मुंबईला, आणि उतरले ताजमध्ये. तिथल्या भाषणात त्यांनी हल्ल्यातल्या मृतांना आदरांजली वाहिली, मात्र पाकिस्तानचे नाव घेतले नाही. भाजपने लगेच टीकेची झोड उठवली. दुसऱ्या दिवशी सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारलेच, की पाकिस्तान तुम्हाला एवढा महत्त्वाचा का, त्याला तुम्ही दहशतवादी राष्ट्र का म्हणत नाही. हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते, अशा अर्थाचे बोलून ओबामांनी लांबलचक, सावध उत्तर दिले. पाकिस्तानातले दहशतवादी तळ खपवून घेतले जाणार नाहीत आणि मुंबईच्या गुन्हेगारांना शिक्षा व्हायला हवी, हे वाक्य त्यांनी ८ तारखेला दिल्लीत संसदेसमोर उच्चारले. मुंबईला वाटले, इथे का नाही?

सहा महिन्यांच्या आत, २ मे २०११ रोजी, याच मवाळ ठरलेल्या राष्ट्राध्यक्षाने पाकिस्तानला न कळवता अबोटाबादमध्ये कमांडो उतरवून ओसामा बिन लादेनला ठार केले. ओबामांच्या ड्रोन हल्ल्यांवर तर उलट आरोप होता, की हा माणूस भलताच जहाल आहे.

मुंबईची मोजपट्टी पाकिस्तान ही आहे, आणि तिने मोजले की अमेरिकेचा जवळजवळ प्रत्येक राष्ट्राध्यक्ष मवाळ निघतो. याला डेव्हिड हेडलीचे प्रकरण बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. हल्ल्यापूर्वी मुंबईत फिरून जागांची टेहळणी करणारा हा अमेरिकी नागरिक. गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात त्याला भारताच्या हवाली न करण्याची हमी मिळाली. २०१३ मध्ये शिकागोच्या न्यायालयाने ३५ वर्षांची शिक्षा दिली. मुंबईच्या न्यायालयासमोर त्याची साक्ष झाली ती २०१६ मध्ये, आणि तीही व्हिडिओच्या पडद्यावर.

आयात शुल्क : अलीकडे जहालपणा जहाजांऐवजी जकातीतून दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या सरकारने हेडलीचा साथीदार तहव्वूर राणा याला भारताच्या ताब्यात दिले, तेव्हा मुंबईत समाधान व्यक्त झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांवर गेले, त्यातले निम्मे रशियाकडून तेल घेतल्याबद्दल. हिऱ्यांच्या व्यापाराला त्याचा फटका बसला. वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स आणि अमेरिकेची वकिलात एकाच जी ब्लॉकमध्ये आहेत, आणि व्हिसाच्या रांगेत हिरेवालेही उभे असतात.